नळीचं बारसं

एकदा एका खाडीच्या मुखाशी, जिथे गोडं पाणी आणि खारं पाणी एकमेकांना विचारून पुढे जातं, तिथे एक मठ होता. मठ फार जुना, आणि मठातले वृद्ध गुरू त्याहून थोडेसेच लहान. दुपारच्या वेळी तिथे इतकी शांतता असे की ओहोटीचं पाणी चिखलावरून मागे सरकताना होणारा आवाज सभामंडपात बसून ऐकू येई. पुष्कळसे साधक तो ऐकता ऐकता ध्यानात जात. ध्यान आणि झोप यांतला फरक तिथे कुणी काटेकोरपणे पाहत नसे. स्वतः वृद्धच पाहत नसत, तर आपण कोण पाहणारे?

या मठाची एक चाल होती. बाहेरून कोणतीही नवी वस्तू आत आली की आधी तिचं बारसं व्हायचं. खराटा असो, परात असो, तिला पाटावर बसवायचं, कुंकवाचं बोट लावायचं आणि कानात नाव सांगायचं. कढईला निदान कान तरी असतात. परातीच्या बाबतीत अंदाजानं एक बाजू धरत. मग ते नाव ताडपत्राच्या तुकड्यावर लिहून वस्तूच्या गळ्यात बांधायचं. ज्या वस्तूला नाव नाही तिला हात लावायचा नाही, असा नियम.

नाव ठेवण्याचं काम वृद्धांच्या एका शिष्याकडे होतं. लोकांना नावं ठेवणारे सगळीकडे असतात, वस्तूंना ठेवणारा हा एकटाच. बुद्धीनं तल्लख, आचारानं कडक. दुसऱ्याच्या लोट्यातलं पाणी प्यायचा नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडातला शब्दही घ्यायचा नाही. त्याचं म्हणणं असं की लोकांचे शब्द बाजारात फिरतात, भांडणात वापरले जातात, मासळीच्या टोपलीवर घासाघीस करतात. तोंडातोंडांतून फिरून ते उष्टे झालेले असतात. देवाच्या दारात उष्टं अन्न चालत नाही, तर उष्टा शब्द कसा चालेल? म्हणून तो धातू, प्रत्यय, उपसर्ग गोळा करून असं नाव घडवायचा की जे आजवर कोणत्याही जिभेला लागलेलं नाही. खराट्याचं झालं होतं ‘रजोहारिणी’. परातीचं ‘विशालोदरी’. पायपुसण्याला तर इतकं पवित्र नाव मिळालं होतं की त्यावर पाय पुसायला माणसं बिचकत आणि चिखल घेऊन तशीच आत येत.

बारशाला सगळे भक्तीनं हात जोडत, नाव ऐकून माना डोलावत. आणि पाट उचलायच्या आत कुणीतरी म्हणे, “तो खराटा दे रे इकडे.”

शिष्याचं दुःख हेच होतं. इतकी वर्षं, इतकी नावं, आणि त्यातलं एकही त्यानं स्वतःच्या तोंडाखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. येता-जाता तो स्वयंपाकघराच्या भिंतीशी उगाच घुटमळायचा. एकदा आचारी आतून “विशाल” म्हणाला, तेव्हा यानं भिंतीला कान लावला. आचारी आपल्या भाच्याला हाक मारत होता. शिष्य परतला. त्या दिवशी त्यानं जप दुप्पट केला. दुःखाला दुसरं काही करायला न सुचलं की माणूस तेच करतो.

आता मठातल्या तेलाविषयी सांगतो. गाभाऱ्यातला नंदादीप करंजाच्या तेलावर जळे. हे तेल उजेडाला उत्तम आणि चवीला जहर. ते एका दगडी रांजणात साठवत. रांजण उंच ओट्यावर चुन्यात बसवलेला, त्यामुळे कलता होत नसे, आणि त्याचं तोंड इतकं अरुंद की आत हात जात नसे. लांब दांडीला नारळाची लहानशी करवंटी बांधून तेल काढत. पण करवंटी आत बुडाली की तळाचा गाळ ढवळून वर येई, तो दिव्यात जाई, दिवा धूर सोडी, आणि त्या धुरानं गाभाऱ्याचं छत असं काळंभोर झालं होतं की तेल आणणारी गोजराबाई तेलीण म्हणायची, “देव, बाई, कायम ढगाखालीच बसल्यात.”

एके दिवशी गलबतावरचा एक व्यापारी दर्शनाला आला. त्यानं धूर पाहिला, रांजण पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी तांब्याची एक वाकडी नळी आणून वृद्धांच्या पायाशी ठेवली. म्हाताऱ्याच्या काठीच्या मुठीसारखी वळलेली, एक पाय आखूड, एक लांब. म्हणाला, गलबतावर पिंपातलं पाणी आम्ही हिनंच काढतो. आखूड टोक आत, लांब टोक बाहेर खाली, आणि मग पाणी आपणहून वर चढतं, वळण ओलांडतं आणि खाली उतरतं. तळाचा गाळ जागचा हलत नाही.

शिष्यानं पहिला प्रश्न नावाचा केला. व्यापारी म्हणाला, आम्ही सायफन म्हणतो. कुठला शब्द? तर फार जुन्या काळच्या यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता पोकळ नळी एवढाच. बारसं करताना त्या लोकांनी फारसं डोकं खाजवलेलं दिसत नाही. मग शिष्यानं विचारलं की लिहिताना सायफन की सैफन, शेवटचा न की ण. व्यापाऱ्यानं अगदी नम्रपणे सांगितलं की मी हा शब्द आजवर फक्त ओरडलोय, लिहिला कधीच नाही.

जाता जाता त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून शिष्याचा चेहरा उतरला. नळी आपणहून चालते हे खरं, पण चालू आपणहून होत नाही. खालच्या टोकाला तोंड लावून एकदा ओढ द्यावी लागते. तोंडानं. देवाच्या तेलाला. म्हणजे उष्टं.

तरीही शिष्याच्या मनात एक गोड आशा जागी झाली. त्या संध्याकाळी खाडीवरून धुकं येत होतं, होड्या अर्ध्या दिसत होत्या, अर्ध्या नव्हत्या, आणि तो वृद्धांजवळ बसून म्हणाला, “गुरुजी, खराट्याला लोकांकडे आधीचं नाव होतं, परातीला होतं. या वस्तूला इथल्या कुणाच्याच तोंडात नाव नाही. परक्याचा शब्द परक्याबरोबर गेला. पाटी कोरी आहे. इथेही माझं नाव रुजलं नाही, तर मी मठ सोडीन.”

वृद्धांनी विचारलं, “कुठे जाशील?”

“जिथे माणसं कमी बोलतात तिथे.”

वृद्धांनी मान हलवली. त्यांना तसलं गाव माहीत नव्हतं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

शिष्यानं नावासाठी फार कष्ट घेतले. ‘वक्रनलिका’ हे त्याला पहिल्यांदा सुचलं, पण ते कुठल्याशा पंडितानं पूर्वी वापरलं होतं, म्हणजे उष्टंच. शेवटी त्यानं घडवलं ‘ऊर्ध्वाधोवाहिनी’. वर जाऊन खाली वाहणारी. अर्थ निर्दोष, संधी निर्दोष, आणि आजवर कुणी उच्चारलेलं नाही हे तर ऐकताक्षणीच पटावं. नळी पाटावर बसली, कुंकू लागलं, एका टोकाला कान मानून त्यात नाव सांगितलं गेलं. ते दुसऱ्या टोकातून जसंच्या तसं बाहेर आलं, हे फक्त गोजराबाईच्या लक्षात आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर वृद्ध स्वतः रांजणापाशी गेले. त्यांनी नळीचं आखूड टोक रांजणात सोडलं, लांब टोकाखाली घागर मांडली, आणि समोर मांडी घालून बसले. शिष्याला शेजारी बसवलं. काही वेळानं म्हणाले, “हाक मार तिला.”

शिष्याला कळेना.

“नाव ठेवलंयस ना? मग नावानं हाक मार. नाव खरं असेल तर ती ओ देईल.”

गुरूची आज्ञा. शिष्यानं हाक मारली. आधी हळू, मग स्पष्ट, मग स्वरात. ऊर्ध्वाधोवाहिनी. मंडपाच्या दगडांनी तो शब्द घेतला, फिरवला आणि परत दिला. नळी तशीच. साधक एकेक करून जमले. काहींना वाटलं नवं अनुष्ठान आहे, ते मागे बसून डोळे मिटून घेते झाले. ऊन खांबावरून उतरून फरशीवर आलं, फरशीवरून उंबऱ्याकडे सरकू लागलं. शिष्याचा आवाज बसत चालला आणि त्या संथ लयीत, खरं सांगायचं तर, अर्धा मठ घोरू लागला. त्या दुपारी कित्येकांना एकच स्वप्न पडलं म्हणतात, की एक सोनेरी साप रांजणातून डोकं काढून इकडेतिकडे पाहतोय आणि बाहेर यायला लाजतोय.

गोजराबाई रिकामा डबा घेऊन घरी निघाली होती, ती थांबली. “म्हाराज,” ती म्हणाली, “ती रुसलीय का झोपलीय?”

शिष्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं नळी काढून उलटी धरून तिच्यात समईतलं उरलंसुरलं तेल ओतून पाहिलं, आणि बोटांनी टोकं दाबून ती रांजणात घालायला गेला. अरुंद तोंडातून बोटं आत जाईनात, बोट सुटलं, तेल धोतरावर आलं. साधकांतले जागे होते ते गालात हसले, झोपले होते ते त्यामुळे जागे झाले.

एवढ्यात गाभाऱ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं. नंदादीपातलं तेल वातीच्या खाली उतरलं होतं. ज्योत लहान होऊन थरथरत होती. हा दीप विझल्याचं मठातल्या कुणाच्याही आठवणीत नव्हतं. शिष्य करवंटीची दांडी आणायला धावला. दांडी जागेवर नव्हती. वृद्धांनी शांतपणे सांगितलं की ती त्यांनी सकाळीच नावाड्याला देऊन टाकली, बिचाऱ्याच्या होडीत पाणी येतं, उपसायला बरी.

शिष्य घागरीपाशी उभा होता आणि नळीचं ते उघडं टोक त्याच्याकडे पाहत होतं.

“गुरुजी, तोंड लावलं तर तेल उष्टं होईल.”

“पहिला घोट उष्टा होईल,” वृद्ध म्हणाले. “तो तू ठेवून घे. बाकीचं तेल देवाचं.”

“आचाऱ्याला सांगू का?”

“नाव कुणी ठेवलंय?”

शिष्य गुडघ्यांवर बसला. ज्यानं जन्मात दुसऱ्याचा लोटा ओठाला लावला नव्हता, त्यानं डोळे मिटले आणि तांब्याच्या नळीला तोंड लावलं. ओढ किती द्यायची याचा अनुभव नाही, त्यातून मनात सगळ्या वर्षांची तळमळ. त्यानं ती सगळी त्या एका ओढीत घातली. वर रांजणात काहीतरी हललं. वळणावर काहीतरी चढलं. आणि करंजाचं कडूजहर तेल थेट त्याच्या तोंडात आलं, गालभर, गळाभर. समोर गाभारा. थुंकायची सोय नाही. त्यानं गिळलं.

घळुक.

दगडी मंडपात तो आवाज असा घुमला की वळचणीचे पारवे उडाले. मग काहीच ऐकू आलं नाही. नळीच्या टोकातून तेलाची धार सुटली होती, बारीक, अखंड, मधाच्या रंगाची. ती घागरीत पडत होती की घागरीतून वर चढत होती, ते त्या संधिप्रकाशात सांगता येत नव्हतं. गाळाचा एक कण हलला नव्हता. सगळे नुसते पाहत राहिले. आपण श्वास घेतला तर ती थांबेल, असं वाटून कित्येकांनी तो घेतला नाही. शिष्याच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं आणि डोळ्यांतून पाणी, आणि तोही पाहत होता.

गोजराबाईनं हळूच, जणू झोपल्या लेकराविषयी बोलावं तसं म्हटलं, “लागली घळुक.”

वातीला तेल मिळालं. ज्योत उंच झाली, आणि पहिल्यांदाच तिला धूर नव्हता.

पुढच्या दिवसांत शिष्य कमी बोलला. पहिल्या दिवशी तर तो मठापेक्षा खाडीकाठच्या झुडपांतच जास्त होता. कडू तेल पोटात गेलं की ते आपला मार्ग शोधतं, आणि तोही वरून खाली वाहण्याचाच. ते असो. नळीला बांधलेलं ताडपत्र वाऱ्यावर हलत राही, आणि कुणी त्याकडे पाहत नसे. मग एका सकाळी तो आपली वळकटी बांधून वृद्धांपुढे उभा राहिला. म्हणाला, शब्द दिला होता, निरोप द्या. एवढं मोठं नाव, सगळ्यांदेखत अर्धी दुपार उच्चारलं, तरी एकाच्याही तोंडी नाही.

वृद्धांनी त्याला बसायला सांगितलं नाही. फक्त विचारलं की आता येताना स्वयंपाकघरावरून आलास, काय ऐकलंस?

शिष्य म्हणाला, आचारी भाच्याला सांगत होता की घळुक लाव आणि समईपुरतं तेल काढ.

आणि काल घाटावर?

घाटावर नावाडी म्हणत होता की ओहोटीला चिखलावर बसलेल्या होडीतलं पाणी काढायला एक घळुक मिळाली तर करवंटी मठाला परत देऊन टाकीन.

“हा शब्द कुणाचा?” वृद्धांनी विचारलं.

शिष्याच्या कानापासून मानेपर्यंत लाली चढली. तो म्हणाला, “पण तो मी घडवला नाही, गुरुजी.”

“नाही घडवलास. गिळलास. घडवलेलं माणूस विसरतो, गिळलेलं विसरत नाही.” वृद्ध क्षणभर हसले आणि मग गंभीर झाले. “बाळा, वासरानं तोंड लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. त्याच दुधाचा आपण देवाला अभिषेक करतो, आणि त्याला उष्टं म्हणत नाही. शब्दाचंही तेच. तो एका माणसातून दुसऱ्यात जायचा तर मध्ये वळण असतं, चढ असतो. कुणीतरी खाली बसून तोंड लावावं लागतं आणि पहिला कडू घोट स्वतः घ्यावा लागतो. मग तो आपणहून वाहतो. त्या व्यापाऱ्याचा शब्द इतकी बंदरं ओलांडून आला, तो काय कुणी ताडपत्रावर लिहून आणला? प्रत्येक धक्क्यावर कुणीतरी तोंड लावलं म्हणून आला. तुझे शब्द स्वच्छ होते. नळीही त्या दुपारी स्वच्छच होती, आणि कोरडी होती.”

शिष्य उभा होता. बाहेर कुणीतरी कुणाला तरी तोच शब्द ओरडून सांगत होतं. त्यानं वळकटी खाली ठेवली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. घळुक खाडीच्या काठाकाठानं गावोगाव गेली. तांबटानं टोपल्या भरून केल्या. दुसऱ्या मठांतून विचारणा आली की हा शब्द लिहायचा कसा, ळु ऱ्हस्व की दीर्घ. पूर्वीचा शिष्य असता तर यावर सप्ताह बसला असता. त्यानं निरोप धाडला की जसा घोट तसं लिहावं. लहान घोट घेतला तर ऱ्हस्व, मोठा आला तर दीर्घ, आणि ठसका लागला तर विसर्ग द्यायला हरकत नाही. काही मठांनी हा नियम म्हणून पाठ केला.

बऱ्याच काळानं एक थोर पंडित मठात उतरले. दिव्याचा निर्धूर प्रकाश त्यांनी वाखाणला, नळी पाहिली, तिचं नाव ऐकलं, आणि त्यांची प्रतिभा जागी झाली. जमलेल्या मंडळींना त्यांनी सांगितलं की घळुक हा शब्द अतिप्राचीन आहे. मुळात ‘गल्’ हा धातू, म्हणजे गळणे. त्यात उदकाचा ‘उद’ मिसळला, कालौघात गचा घ झाला, लचा ळ झाला, आणि ऋषींच्या आश्रमांतून तो आपल्यापर्यंत आला. घळुक, ते म्हणाले, घळुक या एका शब्दात आपल्या पूर्वजांनी जलविद्येचं सार साठवलं आहे. असा घळुक शब्द घडवायला केवढी तपश्चर्या लागली असेल! गोजराबाई मागे बसली होती, ती पदरात तोंड घालून उठून गेली. आचाऱ्याला खोकला आला.

शिष्य पंडितांच्या अगदी समोर बसला होता. डोळे अर्धवट मिटलेले, हात मांडीवर, चेहरा असा की जणू दुरून कुठूनतरी वारा येतोय आणि तो फक्त याच्याच अंगाला लागतोय. पंडितांनी दोनदा विचारलं की काही शंका? त्यानं मान हलवली, शंका नाही.

पंडित गेल्यावर वृद्धांनी विचारलं, “खरं काय ते सांगितलं का नाहीस?”

“सांगणार होतो, गुरुजी,” शिष्य म्हणाला. “पण ते इतक्या वेळा तो शब्द म्हणत होते की मध्ये बोलवेना.”

म्हणून म्हणतो मंडळी, कुणाला नवा शब्द सापडला तर तो कपाटात ठेवू नये. आधी आपण एक घोट घ्यावा, कडू लागला तरी.